मामांच्या घराचं क्रयलेख्य

नोंदणी कार्यालयासमोर टेबल टाकून बसणाऱ्या माझ्या मामांकडे कोणी "खरेदीखत करायचंय" म्हणत आला, की मामा त्याला आधी त्या कागदाचं जुनं संस्कृत नाव ऐकवत: क्रयलेख्य. मग अर्थ. घर किंवा शेत विकत घेणारा, वाजवी किंमत आणि स्पष्ट अक्षरं घालून जो कागद करून घेतो, तो. तेवढ्यात चहा येई. तोही मामांच्याच खिशातून.

त्यांचा एक हट्ट होता. विकणाऱ्यानं मजकुराचा अर्थ स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय सहीला पेन मिळायचं नाही.

परवा विकणारे स्वतः मामाच होते. मामींच्या गुडघ्यांनी जिन्याशी अबोला धरला होता, म्हणून घर विकायचं ठरलं. घेणारे चष्मेवाले आणि त्यांची बायको बाकावर अवघडून बसले होते. मामा उठत, बसत, पेन झटकत. चतुःसीमा लिहिताना उत्तरेला गल्लीच आहे ना, हे बघायला दोनदा घरी जाऊन आले. गल्ली तिथेच होती.

"वाचलंत ना? आता सांगा," मामी म्हणाल्या.

"आजपासून या घरावर..." मामा अडले. "जरा पाणी दे गं."

"हे तिसरं भांडं!"

आतून कारकून ओरडला, "चला, खिडकी बंद करतोय!"

चष्मेवाले हळूच म्हणाले, "काका, मन होत नसेल तर राहू द्या. आम्ही दुसरं बघू."

"दुसरं कशाला?" मामा उसळले. "पण ऐका. मागचं दार आधी उचलायचं, मग ओढायचं. नुसतं ओढलंत तर हातात येईल. मधली पायरी आखूड आहे, सूनबाई, तुम्ही जपून उतरा. आणि माळ्यावर काही ठेवू नका, मी ठेवलं ते अजून सापडलेलं नाही. आता तुमचं तुम्ही बघा बाबा, मला विचारायला येऊ नका!"

मामी पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "झालं की सांगून."

मामांनी पेन पुन्हा एकदा झटकलं. मग सही केली, उठले, पुन्हा बसले.

"चला ना," मामी म्हणाल्या.

"कुठल्या घरी?"

"लिफ्टच्या."

"हां," मामा म्हणाले, आणि सवयीनं जुन्या घराच्या दिशेनं निघाले. मामींनी दंड धरून त्यांना वळवलं.