याचं काय यायचं?

दुसऱ्या महायुद्धात जे जे देश शत्रूच्या ताब्यात गेले, त्यांची काळजी माझ्या बायकोच्या मामांनी पिंपरीत बसून जितकी वाहिली, तितकी त्या देशांच्या राजांनीही वाहिली नसेल. राजांपैकी काही तर वेळेवर बोटीत बसून निघून गेले होते. मामा मात्र संत तुकाराम नगरातल्या आपल्या दोन खोल्या सोडून कुठंही गेले नाहीत. पहिल्या शिफ्टहून आले, चहा झाला, की ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडत आणि डेन्मार्क, बेल्जियम, हॉलंड यांची विचारपूस करत.

डब्यात त्या देशांची ताबेदारीच्या काळातली नाणी होती. जिंकणारा आत शिरला की तांबं आणि निकेल आपल्या कारखान्यांकडे वळवतो आणि लोकांच्या हातावर जस्त नाहीतर लोखंड ठेवतो, हे मला मामांकडून कळलं. मामा एका कंपनीच्या प्लेटिंग खात्यात इन्स्पेक्टर होते. नटबोल्टांवर जस्ताचा मुलामा नीट चढलाय की नाही हे बघण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे या गरीब धातूविषयी त्यांना जावयाइतकीच आपुलकी होती. मी जावई असल्यामुळे हे अनुभवानं सांगू शकतो. जस्ताविषयी थोडी जास्तच होती.

नाणी यायची कुठून? तर कंपनीत नवं मशीन आलं की त्याच्याबरोबर एखादा गोरा इंजिनियर यायचा. मोठे साहेब त्याला हार घालत, भाषण करत, शहाळं देत. तो परत जायला निघाला की मामा गेटपाशी गाठून त्याच्या घरी म्हातारी माणसं किती, याची चौकशी करत. पुढच्या खेपेला तो बिचारा आजीच्या ड्रॉवरमधलं एखादं करडं, कळाहीन नाणं घेऊन येई. मामा ते तळहातावर घेत आणि त्यांच्या इंग्रजीत एकच प्रश्न विचारत, "धिस... व्हॉट कमिंग?"

म्हणजे, याचं काय यायचं? दुर्मीळ नाण्यांची किंमत आज काय, यात मामांना रस नव्हता. त्या वेळी ते घेऊन बाजारात गेलेली बाई काय घेऊन परतायची, एवढंच त्यांना हवं असे. एका डच इंजिनियरनं सुट्टीत आईला विचारून उत्तर आणलं. मामांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हॉलंड. जस्त. एक कांदा, असल्यास.' आणि नाणं त्यावर ठेवलं.

पुढं परदेशी गेलेल्या एका भाच्यानं त्यांना विजयाच्या स्मरणार्थ काढलेली चांदीची नाणी पाठवायला सुरुवात केली. निळ्या मखमलीच्या डबीत छाती काढून उभे असलेले सैनिक येत. त्यांच्या पुठ्ठ्यावर मामा नेमानं लिहीत, 'काही येत नाही.'

"पण सैनिक काय सुरेख कोरलाय, मामा!" मी एकदा म्हणालो.

"सुरेखच असणार, जावईबापू. पुतळ्यावरनं कोरलाय. खऱ्या सैनिकाला इतका वेळ उभं राहायला कोण देतंय?"

डब्यातलं पहिलं नाणं मात्र कुण्या इंजिनियरचं नव्हतं. मामांचे थोरले भाऊ लष्करात ड्रायव्हर होते. ते आफ्रिकेत पकडले गेले, जर्मनांनी फ्रान्समध्ये नेऊन ठेवल्यावर त्या कैदेतून निसटले आणि लढाई संपल्यावर खिशात फ्रान्सचं एक जस्ताचं नाणं घेऊन देहूरोडला परतले. मधोमध भोक, आपल्या जुन्या भोकाच्या पैशासारखं. तिकडचं ते एक अक्षर बोलत नसत. मामांनी वर्षानुवर्षं विचारलं, "दादा, याचं काय यायचं?" दादा म्हणत, "काही नाही." आणि दादा तसेच वारले. त्या नाण्याखालचा पुठ्ठा मामांनी कोरा ठेवला होता. जगातल्या सगळ्या कांद्यांचा हिशोब लागला तरी हा एक पुठ्ठा भरल्याशिवाय आपली सुटका नाही, असं ते फार साध्या आवाजात सांगत.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा आणि घरी पाटावर पाना, पक्कड, मायक्रोमीटर आणि हा डबा. युद्धातली वस्तू म्हणजे शस्त्रच, असं मामांचं शास्त्र. एका खंडेनवमीला आम्ही जेवायला गेलो, तेव्हा मामा अजून कंपनीतून यायचे होते. मूळच्या चाकणकडच्या मामी समईसारख्या उजळल्या होत्या.

"बघा जावईबापू, कशी लखलखत्यात! किती वर्सं काळी पडली व्हती. देवाच्या भांड्यांबरूबर चिंच-रांगोळी लावून घासली."

जस्ताला आंबट चालत नाही, हे मामांच्या खात्यातला नवखा शिकाऊही जाणतो. पाटावर अर्धा युरोप गुळगुळीत होऊन पडला होता.

मामा आले. हातपाय धुतले. चष्मा लावून पाटाशी बसले आणि भोकाचं नाणं उचललं. ना अक्षर, ना साल.

"चकाकतायत ना?" मामी म्हणाल्या.

"चकाकतायत," मामा म्हणाले.

"त्ये तर लई घासलं. थोरल्या भावजींचं ना त्ये. त्या म्हातारीनं घेतलं न्हाई म्हून ऱ्हायलं."

मामांनी चष्मा काढला. "कुठली म्हातारी?"

"आता गं बया! पळताना वाटंत येका म्हातारीनं उकडल्याला बटाटा दिला व्हता की त्यास्नी. ह्ये द्याया लागलं, तर तिनं मूठ झाकून माघारी लोटली. भाकरी थापताना सांगायचं मला."

"मला तर कधी बोलला नाही."

"तुमी भाव इचारायचा," मामी म्हणाल्या आणि पुरणपोळी वाढायला उठल्या.

मामांनी कोरा पुठ्ठा पुढं ओढला. मग त्यांनी पेन मागितलं.

आता मामा नाहीत. मखमलीच्या डब्या नातेवाइकांनी त्याच आठवड्यात आपसांत वाटून घेतल्या. बिस्किटांचा डबा कुणालाच नको होता, म्हणून मामींनी तो माझ्याकडे दिला. कधीतरी उघडतो. ते नाणं आता कुठल्याच देशाचं राहिलेलं नाही. मामींनी शेवटच्या खंडेनवमीला लावलेलं कुंकू तेवढं भोकाच्या कडेला आहे. खाली पुठ्ठ्यावर मामांचं सुवाच्य अक्षर आहे, 'फ्रान्स. जस्त. एक बटाटा. घेतलं नाही.'