पोळ्याच्या बैलाचे मागचे पाय

मुलांनो,

यंदाच्या पोळ्याला मी बैलाचे मागचे पाय होते. आजोबांनी तुम्हाला फोनवर हसत हसत सांगितलेली हकिगत अर्धीच आहे. (पुढची अर्धी. ते पुढे होते.)

नाशिक रोडच्या आपल्या कॉलनीत खरा बैल कोणाकडेच नाही, म्हणून महिला मंडळ सजवलेल्या मातीच्या बैलांची स्पर्धा ठेवतं. मंडळाची अध्यक्ष मी. वेळेचा नियमही माझाच: पाचच्या ठोक्याला जो जागेवर नसेल, त्याचं काम दुसऱ्याने घ्यायचं आणि वर्षभर त्यानेच करायचं. या नियमाने मी बऱ्याच बायकांना घरी बसवलं आहे.

तुमच्या आजोबांना मातीचा बैल पुरेना. हा माणूस जन्मभर छापखान्यातली यंत्रं सांभाळून निवृत्त झाला आणि आता घरातल्या प्रत्येक वस्तूकडे सुटा भाग म्हणून बघतो. त्यांनी आत माणसं शिरतील असा बैल केला. कान सायकलच्या ब्रेकच्या तारांवर हलत, शेपूट मोटारीच्या वायपरवर, आणि रवंथ करणारा जबडा चालत होता माझ्या मिक्सरवर. पोळ्याच्या आदल्या दिवशी!

"अहो, मी पुरण कशात वाटू?"

"पाटा आहे ना."

"तो तुम्ही बैलाच्या पोटात घातलाय."

"अगं, तोल सांभाळायला लागतो."

पुरण मी शेजारी जाऊन वाटून आणलं.  भांडले असते तर पोळा तिथेच संपला असता.

मागच्या पायांत शेजारचे शिरोडे भाऊजी बसणार होते. पोळ्याच्या ऐन सकाळी त्यांची कंबर धरली. (मला अजून त्या कंबरेचा हेवा वाटतो.)

"आत चाकांचं स्टूल आहे," आजोबा म्हणाले. "बसून नुसते पाय टाकायचे. मंडपात पोचलो की तू उतर आणि तुझ्या खुर्चीवर बस. पाचाला अवकाश आहे."

इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली मी, स्टुलावर बसले. त्यांनी पोटाची चेन ओढली, लांबलचक वायरचा प्लग घरात लावला आणि आम्ही समोरच्या मंडपाकडे निघालो.

मंडपात पोचलो. चेन उघडेना. बैलाचं कातडं म्हणजे पाहुण्यांसाठी ठेवलेलं माझं केसाळ ब्लँकेट. त्याचे केस चेनमध्ये गच्च अडकले होते.

"अहो, चेन अडकली."

"काय?"

"मिक्सर बंद करा."

"हो ना, काय सुरेख रवंथ करतोय!"

मिक्सर त्यांच्या कानाशी, मी त्यांच्या पाठीशी. मला मात्र माइकवरचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. आमच्या मंडळातल्या, मूळच्या देवळा गावच्या आहेरबाई बोलत होत्या.

"पाच वाजले. अध्यक्षबाई नाय दिसत कुठं."

"झोपल्या असतील," कोणीतरी म्हणालं.

"त्यांचाच नियम हाय. मग खुर्ची माझी. वर्षभर."

मी आतून ओरडले, "मी इथे आहे, वेळेवर आहे!"

"ऐका, ऐका, बैल हंबरतोसुद्धा," शिरोडे वहिनी कौतुकाने म्हणाल्या.

मी संतापाने पाय आपटला. मंडपात टाळ्या पडल्या. दुसरा आपटला. आणखी टाळ्या. आहेरबाई खुर्चीवर बसल्या, लगेच उठल्या आणि तांब्या घेऊन बैलाजवळ आल्या. पोळ्याला बैलाचे पाय धुवायचे असतात. त्यांनी माझे धुतले, बुटांसकट. वर कुंकू लावलं. मग माझ्याच हातची पुरणपोळी जबड्यात भरवली. मिक्सरने ती बारीक करून थेट आजोबांच्या सदऱ्यात सोडली. (त्या दिवसातलं मला मिळालेलं समाधान एवढंच.)

नव्या अध्यक्षांनी निकाल दिला. पहिला नंबर आमचा.

"माझ्या माहेरी दावणीला बैल होते, मला जनावर कळतं," आहेरबाई माइकवर म्हणाल्या. "पुढचं सगळं मशीन हाय, ते लगेच समजतं. पण मागचं... ते अगदी खरं जनावर वाटतं."

इतकी वर्षं मी त्याच मंडपात अध्यक्ष म्हणून शिस्तीवर भाषणं केली. एवढ्या टाळ्या मला कधी पडल्या नव्हत्या.