जेवणाआधीची वही

वडनेर भोलजीजवळच्या मिशनात गुलाबराव एकतीस वर्षं स्वयंपाक करत होते. स्वतः बौद्ध, पण त्या पाद्र्यांच्या संघाची कुळकथा त्यांना तोंडपाठ. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्सातल्या डोंगरात चार पाद्री खेडोपाडी पायी हिंडू लागले, अन् आता त्यांची माणसं साऱ्या दुनियेत. दुनियेचा भूगोल मात्र गुलाबराव शिकले तो मेलेल्यांकडून, बरं का. रोज जेवणाआधी मोठे फादर वही उघडत आणि त्या तारखेला संघातला कोण कुठं वारला ते वाचत. ब्राझील, कॅनडा, काँगो. नुकता कोणी गेला असेल, तर त्याचं नाव शेवटी, वेगळ्या चिठ्ठीवरून.

इथले धाकटे फादर अँथनी दोन वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या मिशनात कामाला गेले. दर रविवारी फोन. "दादा, येथं सारं भेटते, तुमचा ठेचा भेटत नाही!" तीन रविवार फोन नव्हता, आणि तिकडं तापाची साथ होती.

"काऊन हो फादर, अँथनीबाबाचा काही निरोप?"

"नाही, गुलाबराव. तुम्ही वाढा."

आज मोठ्या फादरांनी वही मिटली, पण ते खाली बसले नाहीत. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली.

"थांबा हो!" गुलाबरावांनी वरणाचं पातेलं उचललं. "वरण थंडं झालं. गरम करून आणतो, मंग वाचा."

पातेल्यातून वाफा निघत होत्या. तरी कोणी त्यांना अडवलं नाही. सगळे उभ्यानंच त्यांची वाट पाहत राहिले.