पाणी न शिवलेला दगड

माझं संशोधन नेमकं काय, हे हिंगणीच्या मामाला मी कधी नीट सांगितलंच नव्हतं. दगडांचा अभ्यास, एवढंच. त्यामुळे एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास त्यानं भाजीच्या वावरात विहीर खणायचं ठरवलं, तेव्हा जागा दाखवायला मलाच बोलावलं. वांगी-मिरच्या उन्हाळ्यात तगायच्या तर विहीर हवीच होती.

"मामा, मले पान्यातलं काही समजत नाई," मी म्हटलं.

"खडकाचं शिकून राह्यला अन् खडकातलं पानी समजत नाई? भाच्याचा हात लागू दे."

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. त्या मानाला मी भुललो. बांधाजवळची एक जागा दाखवली, पहिली कुदळ मारली आणि पुरणपोळी चापून नागपूरला परतलो.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा काम थांबलं होतं. मुरूम केव्हाच संपला होता, खाली नुसता काळा खडक. मी उतरलो. सुरुंगानं उडालेला एक तुकडा हातात घेतला आणि हरखलोच. कुठे भेग नाही, गंजाची रेघ नाही. असाच दगड मी किती दिवस शोधत होतो. पाणी खडकात मुरलं की त्यातल्या स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं मूळ प्रमाण बिघडतं, आणि मला तर तेच मोजून हा खडक मुळात कशाकशाचा बनलाय ते शोधायचं होतं.

वर आलो तेव्हा तोंडावर हसू मावत नव्हतं. काठावर वाकलेल्या मामानं ते पाहिलं आणि त्याचाही चेहरा एकदम उजळला.

"लागलं काय?"

"नाई," मी म्हटलं. "दगड चांगला आहे."

मामी पाटी उचलून वांगी तोडायला गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो दगड मी पिशवीत घातलाच.

आकडे यायला वर्ष गेलं. मग मामाला समजावलं: गाईचं दूध कितीही आटवलं तरी ते गाईचंच राहतं, म्हशीचं ओतलं तरच बदलतं. आपला हा खडक जमिनीखाली वितळलेला असताना नुसता आटला नव्हता, भोवतालचा जुना खडकही त्यात विरघळला होता. मामानं सगळं मन लावून ऐकलं. पाण्याचं एका शब्दानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सेलूच्या बाजारात त्याच्यासोबत बसलो होतो. समोर अर्धी पाटी वांगी, तीही सुरकुतलेली. ओळखीच्या एका माळ्यानं विचारलं, "विहिरीले पानी लागलं काय गा?"

"पानी नाई लागलं," मामा म्हणाला. माझ्या पाठीवर हात ठेवून पुढे म्हणाला, "पन याले पाह्यजे तो दगड आपल्याच वावरात भेटला. दूर लॅबोरेटरीत गेलता तो."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी पाटीतली वांगी उगाच वरखाली करत राहिलो.