मारोतरावांचं शून्य

मारोतराव नगराळे यांचा दोनच गोष्टींवर विश्वास होता: बायकोच्या, यमुताईंच्या, हातचा चहा आणि बर्फ. चहा कधीमधी बिघडायचा. बर्फ मात्र शून्य अंशावर म्हणजे शून्यावरच वितळतो, आणि त्या भरवशावर त्यांनी अख्खा जन्म काढला. गोल कागदावर लाल शाईनं तापमानाची रेघ ओढणारी यंत्रं जुळवून देणं, हा त्यांचा धंदा. थर्मासमध्ये कुटलेला बर्फ भरायचा, यंत्राची नळी त्यात बुडवायची, आणि पेन शून्यावर आलं नाही तर स्क्रू पिळून आणायचं. उरलेला बर्फ घरी यायचा आणि यमुताई त्याचं सरबत करायच्या. घरच्याच फ्रिजातला तो. वाया कशाला घालवायचा?

एके काळी नागपुरातल्या निम्म्या डेअऱ्या आणि औषधांची गोदामं त्यांना ओळखायची. मग नुसते आकडे दाखवणारी यंत्रं आली आणि एकेक दार बंद झालं. उरलं मिहानकडचं एक गोदाम, कोंबड्यांच्या लशींचं. तिथंही नवं यंत्र बसलंच होतं. पण गोदाम सांभाळणाऱ्या मिनलला म्हाताऱ्याचा लळा. तिनं साहेबांशी भांडून कबूल करून घेतलं: या तपासणीनंतर जुनं यंत्र नव्याशी जुळलं तर राहील, नाहीतर भंगारात. त्याच्यासोबत मारोतरावही भंगारात, हे कोणी बोललं नाही, पण कळायला काय लागतं!

नेमकी तपासणीच्या दिवशी हुडकेश्वरला त्यांच्या घरची लाइट गेलेली. फ्रिजात बर्फाचं पाणी. मे महिन्याचं ऊन चढलेलं, त्यात उशीर. मारोतरावांनी वाटेत कुल्फीवाल्याची गाडी गाठली.

"बरफ साफ आहे ना गा?"

"एकदम साफ, काका," म्हणत त्यानं कुल्फीच्या मटक्याभोवतीचा बर्फ काढून दिला. साफ होताच तो.

गोदामात नळी बर्फात घातली, तसं पेन शून्याच्याही खाली तीन अंश उतरलं. 'म्हातारं झालं बिचारं,' म्हणत मारोतरावांनी स्क्रू पिळला. बर्फ तपासायचा काचेचा थर्मामीटर पिशवीतच राहिला. बर्फाला कसली साक्ष लागते? नळी पुन्हा थंड खोलीत लावली. पेन सातावर गेलं. नवं यंत्र चार दाखवत होतं.

"सकाळी तं दोन्ही चारवरच होते ना, काका?" मिनल म्हणाली.

"दोन्ही चुकीचंच दाखवून राहिले होते, मॅडम. बरफ खोटा नाही बोलत."

इथं त्या पोरीनं थांबायला हवं होतं. पण एवढ्या वर्षांचा माणूस, त्याच्यावर शंका कशी घ्यायची? नवं यंत्र बिघडलंय, असं तिनं साहेबांना कळवलं आणि पेन चारावर येईपर्यंत थंडी वाढवायला लावली. मारोतराव स्कूटरवर शीळ घालत घरी आले.

संध्याकाळी यमुताईंनी नेहमीसारखं थर्मासमधल्या बर्फाचं सरबत केलं.

"अजी, हे खारट काहून लागून राहिलं? मी तं मीठ टाकलंच नाही."

मारोतरावांनी बर्फाचा खडा जिभेवर ठेवला. तोही खारट. कुल्फी जमवायला बर्फात मीठ घालतात. मीठ पडलं की बर्फ शून्याच्या खाली जातो. म्हणजे पेन खरं सांगत होतं. त्यांनीच त्याचा कान पिळून त्याला खोटं बोलायला लावलं होतं. आता पेन चारावर म्हणजे खोली खरी एकावर, आणि पंख्यापुढं तर शून्याच्याही खाली.

त्यांनी मिनलला फोन लावला. "मॅडम, थंडी कमी करा! चूक माझी आहे, नवं यंत्र खरं आहे!"

पलीकडून धावल्याचा आवाज आला, मग जड दार उघडल्याचा. मग पेट्या सरकवल्याचा.

"पंख्यापुढच्या सगळ्या पेट्या गोठल्या, काका."

ही लस गोठली की मेली, हे दोघांनाही ठाऊक होतं. मिनल रागावली असती तर बरं झालं असतं. तिला रागवताही येईना.

"मी उद्या येतो, पेन परत जुळवून देतो," मारोतरावांच्या तोंडून निघून गेलं.

"नका येऊ, काका," ती म्हणाली. "उद्या मलेच आत घेतात का नाही, माहीत नाही."