नाक्यावरची तबकडी
परवा रेडिओवर एका म्हाताऱ्या इंग्रज गायकाचं नवं गाणं लागलं आणि त्याच्या तरुणपणीची एक छोटी ग्रामोफोनची तबकडी आठवली. गोवा मुक्त होऊन तीन-चार वर्षं झाली होती. सावंतवाडीत शिक्षिका असलेल्या माझ्या आत्याने ती म्हापशाच्या दुकानात पुन्हापुन्हा ऐकून विकत घेतली होती आणि आम्ही दोघी एसटीने परतत होतो. वाटेतल्या नाक्यावर गोव्याहून येणारी चोरटी दारू शोधणाऱ्या शिपायाने सगळ्यांना खाली उतरवलं. ऊन रणरणत होतं, कुणाच्या तरी टोपलीतल्या पिकल्या फणसाचा घमघमाट सुटला होता. आत्याच्या पिशवीत शाळेच्या वह्यांखाली त्याला तबकडी सापडली. "मास्तरीण असून असली गाणी ऐकता? म्हणून दाखवा, मगच परत देतो," तो म्हणाला. काही उतारू हसले. मागची कोळीण कुजबुजली, "म्हण गो बाय, उशीर जाता." आत्याचे कान लाल झाले, पण आवाज चढला नाही. "गाणा माका येता. तुमच्या हुकमान मात्र मी म्हणूचंय नाय." "मग राहा इथेच," शिपाई म्हणाला. ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली, शेजारी मीही बसले. तेव्हा ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "बाई इल्याशिवाय गाडी हलूची नाय." बऱ्याच वेळाने शिपायाने तबकडी मुकाट्याने तिच्या हातात ठेवली. नाका मागे पडला तशी आत्या दांडा धरून उभी राहिली आणि ते गाणं चुकतमाकत, पण खणखणीत आवाजात, सावंतवाडीपर्यंत म्हणत राहिली. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. दरडावून कोणी काही करायला सांगितलं, की मी आजही आधी शांतपणे खाली बसते.