बायजाचा हात आणि चपटा दुधी

कल्याणच्या खाडीकाठी, आगगाडीच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर राघोचं घर होतं. त्याची बायको बायजा आपल्याच हातांना भ्यायची. कारण तिचा मुलगा गोपीनाथ. तो उजव्या पायाने वाकडा जन्मला. पोटुशी असताना बायजाने ग्रहणात विळी हाती घेतली होती; तेवढं सासूला, ठमाबाईला, पुरलं. दोष सुनेच्या हाताचाच, असं तिने ठरवून टाकलं आणि भाताच्या बियाण्याला तिला शिवू देईना. वाईट याचं, की बायजालाही ते पटलं. पोराच्या पायाला तेल चोळायचं झालं की ती सासूला हाक मारायची. स्वतः तिने त्या पायाला कधी हात लावला नाही.

एका वर्षी तिने हौसेने छपराशेजारी दुधी लावला. श्रावणात त्याचा शेंडा भलताच माजला. गोल राहायचं सोडून वेलाचा दांडा पट्ट्यासारखा रुंद, चपटा झाला आणि त्यावर पानाकळ्यांची नुसती दाटी. बघायला सगळी आळी लोटली. कुणी म्हणालं, ग्रहणाची किरणं लागली. कुणी म्हणालं, आगगाडीचा धूर. मागच्या चिंचेवर वीज पडली होती, तिच्याही नावाने बोटं मोडून झाली. राघोचा संशय शेंडा कुरतडणाऱ्या बकरीवर होता, आणि त्यातल्या त्यात तोच शहाणा म्हणायचा. पण ठमाबाईने कुणाचं काही चालू दिलं नाही.

"पोर वाकडा, वेल वाकडा. हात कुनाचा?"

बायजा या वेळी रडली नाही, हट्टाला पेटली. त्या वेलाला एकच धड दुधी लागला. तो तिने वेलावरच वाळू दिला आणि बिया सासूपुढे ठेवल्या.

"आत्याबाई, निम्म्या तुमी लावा, निम्म्या मी. माजे हाताचा दोष आसंल तर माजेच वेल वाकडे व्हतील."

ठमाबाईने हसत हसत बिया घेतल्या. हरायची तिला सवयच नव्हती.

पुढच्या वर्षी बायजाचे सगळे वेल सरळ छपरावर चढले. ठमाबाईचेही चढले, एक सोडून. तिने सगळ्यांत लाडाने वाढवलेल्या वेलाचा शेंडा भर श्रावणात चपटा झाला. बकरी तर केव्हाच विकली होती. असं का व्हावं, ते कुणालाच शेवटपर्यंत कळलं नाही. बायकांनी बघू नये म्हणून ठमाबाईने वेलावर गोधडी वाळत घातली. श्रावणातली गोधडी, ती वाळते कसली! सगळ्या आळीला कळलं.

दोन दिवस गेले. मग ठमाबाईने पडवीतून हाक मारली.

"बायजा, मी कंदी ग्रहनात विळी धरली नाय. तरी माजे हाती आसा झाला. मंग तुजा हात कसा वाईट? चुकली मी, बाय."

आणि तेलाची वाटी तिने सुनेपुढे सरकवली.

बायजाला हुंदका आवरेना. गोपीनाथ पाय पसरून बसला होता. तिने भीत भीत तो पाय मांडीवर घेतला. तळवा धावून धावून निबर झाला होता. इतका भक्कम पाय असेल, असं तिला वाटलंच नव्हतं.

"आये, जोरान चोल," तो म्हणाला. "आजी जोरान चोलते."